मामंजींचं चुकलेलं उत्तर

आमच्या घरात बाबा आणि वहिनी एकमेकांशी बोलत नसत. भांडण मुळीच नव्हतं, रीत होती. सुनेनं सासऱ्यासमोर यायचं ते मान खाली घालून, आणि तोंड तर उघडायचंच नाही, हे आमच्या लोकांनी कोकणातून येताना फणसाच्या आठळ्यांबरोबर बांधून आणलं होतं. त्यामुळे त्या दोघांमधला सगळा कारभार माझ्यामार्फत चाले. बाबा बाहेरच्या खोलीतून म्हणत, चहात साखर कमी आहे म्हणावं. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन ते सांगायची. वहिनीनं ते आधीच ऐकलेलं असायचं, कारण कल्याणच्या रेल्वे क्वार्टरमधल्या त्या दोन खोल्यांत कोणी उसासा टाकला तरी सगळ्यांना कळे. तरी माझ्या तोंडून निरोप आल्याशिवाय ती साखरेच्या डब्याला हात लावत नसे. मग म्हणायची, "वन्सं, मामंजींना सांगा, दुसरा करते." मी तेरा वर्षांची वन्सं. या मानाचा मला अभिमान होता, आणि कंटाळाही तेवढाच यायचा.

बाबा कल्याण स्टेशनाच्या केबिनमध्ये कामाला होते. रुळांचे सांधे आणि सिग्नल जिथून हलतात ती केबिन. पाळ्या बदलत्या, त्यामुळे आमच्याकडे कधी दुपारी सगळे कुजबुजत बोलायचे, तर कधी पहाटे भांडी वाजायची. बाबा तापट नव्हते, पण कमी बोलत. बाहेर कोणी मोठ्या आवाजात बोललं तर ते पटकन मान डोलवून मोकळे होत. आणि थोरल्या काकांपुढे तर त्यांच्या तोंडून 'होय दादा' याशिवाय काही निघालेलं मी ऐकलं नव्हतं. त्याला कारण होतं. आजोबा लवकर गेले तेव्हा काकांनीच बाबांना वाढवलं, शिकवलं, रेल्वेत चिकटवलं, त्यांचं लग्नही ठरवलं. आई म्हणायची, यांना सर्दी झाली तरी आधी दादांना कळवतील आणि मग शिंकतील.

माझा मोठा भाऊ विषमज्वरानं गेला. त्याबद्दल मी फार लिहिणार नाही. लग्नाला चार वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि वहिनी एकवीस-बावीस वर्षांची होती. दिवसकार्याला थोरले काका गावाहून आले होते. ते आटोपल्यावर त्यांनी बाबांना बाहेरच्या खोलीत बसवलं आणि सांगितलं की सुनेला ते गावी घेऊन जाणार. काकू अंथरुणाला खिळलेली, घरात गडीमाणसांचा राबता, रांधणारं कोणी नाही. इथे तरी ती बसून काय करणार? तिकडे तिचे हात उपयोगी पडतील, दोन वेळा पोटाला मिळेल, अब्रूनं राहील. काका दुष्ट नव्हते, हे मला आज सांगावंसं वाटतं. त्यांना खरंच माणूस हवं होतं आणि ते उपकार करताहेत असं त्यांना मनापासून वाटत होतं. पण गावच्या त्या घरात गेलेल्या आमच्या एका आत्याला मी पाहिलं होतं. ती धुरात गेली ती धुरातच म्हातारी झाली. वहिनीनंही तिला पाहिलं होतं.

सगळं सांगून झाल्यावर काका नेहमीसारखं म्हणाले, "काय?"

आम्ही 'होय दादा'ची वाट बघत होतो. बाबा जमिनीकडे बघत म्हणाले, "ती फायनलला बसणार आहे."

हे आईला माहीत नव्हतं, वहिनीला माहीत नव्हतं, आणि माझी खात्री आहे की तोंडातून बाहेर पडेपर्यंत बाबांनाही माहीत नव्हतं. फायनल म्हणजे मराठी सातवीची परीक्षा. ती झालेल्या बाईला तेव्हा प्राथमिक शाळेत मास्तरीण म्हणून घेत. वहिनी गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. पण वाण्याच्या पुडीचा कागद ती कधी तसाच चुलीत घालत नसे. आधी उलगडायची, उभ्या उभ्या दोन्ही बाजूंनी वाचायची, मग घालायची. बाबांनी हे कधी पाहिलं कोण जाणे. त्यांचं लक्ष नाही असं आम्ही धरून चालत होतो.

काका हसले. रागावले मात्र नाहीत. म्हणाले, बस म्हणावं. पास झाली तर तुझं तू बघ. नाही झाली तर निकाल लागल्यावर येऊन घेऊन जातो. एवढं बोलून ते गेले, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात सगळ्यांचा जीव त्या एका परीक्षेला टांगला गेला.

मास्तर ठेवायची ऐपत नव्हती आणि परका पुरुष विधवा सुनेला शिकवायला घरात येणं आईला चाललंही नसतं. तेव्हा बाबांनीच शिकवायचं ठरलं. ते बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसत, तोंड भिंतीकडे. वहिनी स्वयंपाकघरात दाराआड पाटी घेऊन बसे. मी उंबऱ्यावर. इतिहास-भूगोल आणि मराठी तिला अवघड नव्हतं, ते ती वाचून पाठ करत असे. घोडं पेंड खात होतं ते गणितात. बाबा भिंतीला अपूर्णांक समजावून सांगत. भिंतीला छेद समान करायला शिकवत. मोठ्या तळमळीनं, उदाहरणं देऊन. मग मला म्हणत, समजलं का विचार. मी मान वळवून विचारायची. वहिनी मान हलवायची. मी सांगायची, हो म्हणते. बाबांना बरं वाटे, मग ते पुढे जात.

असं पावसाळाभर चाललं. बाबा अपूर्णांकांवरून दशांशावर आले, दशांशावरून त्रैराशिकावर. प्रत्येक वेळी वहिनीला समजलेलं असे. दसऱ्याच्या सुमाराला बाबांनी कुठूनतरी फायनलचा जुना पेपर मिळवला आणि तिला सोडवायला दिला. पाटी माझ्या हातून बाहेर आली तेव्हा तिच्यावर पहिल्या गणिताचे आकडे उतरवलेले होते, बाकी कोरी.

बाबा पाटीकडे बघतच राहिले. मला म्हणाले, "एवढे महिने समजलं समजलं म्हणत होती ना?"

उत्तर आतून आईनं दिलं. ती तांदूळ निवडत होती आणि तिनं ताटातून मान वर केली नाही. म्हणाली, "सासऱ्याला 'समजलं नाही' असं कुठली सून सांगेल? म्हणजे तुम्हाला शिकवता येत नाही असंच म्हणायचं ना तिनं."

बाबांनी पाटी खाली ठेवली. मला वहिनीचा राग आला. सांगायला काय झालं होतं, असं मी तिला तिथेच विचारलं. तिनं फक्त पाटी घेतली आणि पुसायला लागली. तिचे डोळे भरले होते. मग मला माझ्या रागाचं काय करावं ते कळेना, म्हणून मी बाहेर जाऊन शेजारच्या शेळीला विनाकारण हाकललं.

त्यानंतर काही दिवस शिकवणी बंद होती. बाबा कामावर जात, येत, झोपत. मला वाटलं, संपलं. मग एका दुपारी पाळीवरून आल्यावर त्यांनी आईकडे जुन्या लग्नपत्रिका मागितल्या. तेव्हा आलेल्या पत्रिका तारेला टोचून ठेवायची पद्धत होती, आणि रेल्वेच्या लोकांत लग्नांना तोटा नव्हता. पत्रिका एका बाजूनं छापलेल्या, दुसऱ्या बाजूनं कोऱ्या, आणि कागद जाड. बाबांनी तारेवरून त्या उतरवल्या आणि खाली बसून प्रत्येकीच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागले. वरच्या भागात एक प्रश्न. खाली त्याचं उत्तर. मग खालचा भाग वर दुमडून उत्तर झाकायचं.

मी पहिली पत्रिका उचलून वाचली. 'एका भाकरीचे दोन सारखे तुकडे केले. एक तुकडा म्हणजे केवढी भाकरी?' घडी उलगडली. 'अर्धी.' दुसरीत होतं, त्या अर्धीचे पुन्हा दोन सारखे तुकडे केले तर एक तुकडा केवढा. मी खो खो हसले. म्हटलं, बाबा, हे तर मांजरसुद्धा सांगेल.

"सांगू दे की," बाबा म्हणाले, "मांजरालाही पास होऊ दे."

मग त्यांनी मला समजावलं, आणि आयुष्यात प्रथमच ते मला त्यांच्या कामाबद्दल काही सांगत होते. केबिनमध्ये लिव्हरांची रांग असते. आधीचा लिव्हर नीट बसल्याशिवाय पुढचा हलतच नाही. कितीही जोर लावा. साहेब आला तरी त्याच्यानं हलत नाही. म्हणून गाडी भलत्या रुळावर जात नाही. मी मात्र सुनेला एकदम शेवटचा लिव्हर ओढायला लावत होतो, ते म्हणाले. आता एकेक. प्रश्न वाचायचा, उत्तर पाटीवर लिहायचं, मग घडी उघडायची. जुळलं तर पुढची पत्रिका. नाही जुळलं तर तीच पुन्हा, आणि तरीही अडलं तर तिनं आपलं उत्तर पत्रिकेवर लिहून ती वेगळी टोपलीत टाकायची. ती मी बघेन. विचारायला नको, सांगायला नको, घाई नको.

वहिनीला हे मी सांगितलं. ती ऐकून घेत होती आणि तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना मला दिसला. कारण उघड होतं. पत्रिकेपुढे लाजायचं कारण नव्हतं. दाराआड कोणी कान देऊन बसलेलं नव्हतं.

तेव्हापासून पत्रिका घरभर झाल्या. पिठाच्या डब्यावर एक, मोरीच्या कठड्यावर एक. भाकरी तव्यावर टाकली की ती फुगेपर्यंत एक प्रश्न व्हायचा. कधी सकाळभर एकाच पत्रिकेवर अडून बसायची, कधी आमटी उकळेपर्यंत गठ्ठा संपवायची. कोणी काही म्हणत नसे. मला खरं तर हेवा वाटायला लागला. आमच्या शाळेत बाई फळ्यावर गणित करून दाखवत, ज्यांना कळलं त्यांनी पुढे जायचं आणि ज्यांना नाही कळलं त्यांनी छडी खायची. मी बाबांना म्हटलं, मलाही पत्रिका करून द्या. ते म्हणाले, तुला तोंड आहे.

हिवाळ्यात पत्रिका संपल्या. बाबा कागद शोधत होते तेव्हा वहिनीनं तिची ट्रंक उघडली आणि तळातून एक गठ्ठा काढून माझ्या हातात दिला. तिच्या आणि माझ्या भावाच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका. दोरीसुद्धा सोडलेली नव्हती. आईनं त्या पाहिल्या आणि तिला हुंदका आवरेना. म्हणाली, अगं, त्या राहू देत. वहिनी आईशी बोलत असे, सासूशी बोलायला रीत आडवी येत नव्हती. ती म्हणाली, "ठेवून काय करू, सासूबाई? ह्यांच्या नावाच्या पाठीवर शिकले तर ह्यांना आवडेल." मग आई उठून मागच्या दारी गेली आणि बराच वेळ आली नाही. बाबांनी त्या पत्रिकांवर इतकं सुरेख अक्षर काढलं की त्याच्याआधी किंवा नंतर मी त्यांचं तसं अक्षर पाहिलं नाही.

वहिनीची प्रगती बघून बाबा खूश होते. टोपली रिकामी असायची. एकही पत्रिका चुकलेली म्हणून परत आलेली नव्हती, सगळ्यांवर बारीकशी बरोबरची खूण. सून हुशार आहे, असं ते आईला मोठ्या आवाजात सांगत, म्हणजे आत ऐकू जावं. आणि हुशार आहे म्हटल्यावर ते पायऱ्या मोठ्या करायला लागले. दोन प्रश्नांतलं अंतर वाढलं. व्यस्त त्रैराशिक आलं, हौद आणि नळ आले, काळ-काम-वेग आला. तरी टोपली रिकामी.

मला मात्र एक गोष्ट दिसत होती. वहिनीची झोप कमी झाली होती, आणि पदराचं टोक नेहमी पाटीच्या पांढऱ्या भुकटीनं भरलेलं असे.

संक्रांत नुकतीच झाली होती. मी शाळेतून आले, पाणी प्यायला आत गेले. वहिनी चुलीपाशी पाटी घेऊन बसली होती. समोरच्या पत्रिकेवर प्रश्न होता, आठ माणसं एक विहीर पंधरा दिवसांत खणतात, तर दहा माणसांना किती दिवस लागतील. तिच्या पाटीवर नीट मांडणी करून लिहिलं होतं, बारा दिवस. मी पाणी पीत बघत होते. तिनं घडी उघडली. आत बाबांच्या अक्षरात होतं, पावणेएकोणीस दिवस.

वहिनी त्या उत्तराकडे बघत राहिली. मग तिनं पदराचं टोक ओलं केलं, 'बारा' पुसलं, आणि तिथे 'पावणेएकोणीस' लिहिलं. पत्रिकेवर बरोबरची खूण केली.

मी म्हटलं, अगं वहिनी, तुझंच बरोबर होतं. माणसं वाढली तर दिवस कमी होतील की जास्त? तिनं माझ्याकडे न बघता सांगितलं, "मामंजींनी लिहिलंय, वन्सं. माझंच कुठेतरी चुकत असेल." मी म्हटलं, बाबांचं चुकलंय. यावर ती खरोखरच घाबरली. असं बोलू नये म्हणाली.

माझ्या पोटात काही राहत नसे. मी पत्रिका उचलली आणि थेट बाबांपुढे नेऊन धरली. ते पाळीवरून येऊन चहा पीत होते. त्यांनी वाचलं, आणि हसायला लागले. झोपेत लिहिलं वाटतं, म्हणाले, दोन माणसं जास्त आली आणि नुसती गप्पा मारत बसली. मग त्यांची नजर त्या खुणेवर गेली आणि हसू थांबलं.

त्यांनी मला विचारलं, मी पाहिलेलं सांगितलं. ती उत्तर पुसते. चुकीचं असलं की पुसते आणि घडीतलं उतरवते. चुकलेलं उत्तर मामंजींच्या टोपलीत कसं टाकणार? आणि आज तर तिनं बरोबर आलेलंच पुसलं. बाबांनी कपाटातला सगळा गठ्ठा काढला, एकेक पत्रिका उलटून पाहिली. सगळीकडे ती बारीक खूण. त्यांना आता कळलं असणार की महिने गेले आणि सुनेला काय येतं नि काय येत नाही यातलं त्यांना काडीमात्र ठाऊक नव्हतं. परीक्षा तर चैत्रातच होती. मला त्यांच्याकडे बघवेना.

मग त्यांनी अशी गोष्ट केली की जी आमच्या घरात कधी झाली नव्हती. ते उठले, ती एक पत्रिका घेतली, आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. आत वहिनी घाईनं उठली, पदर सावरून चुलीकडे तोंड करून उभी राहिली. आईनं हातातलं वाटण थांबवलं.

"सूनबाई," बाबा म्हणाले, "हे उत्तर बरोबर आहे की चूक?"

वहिनी माझ्याकडे वळली. "वन्सं, मामंजींना सांगा..."

"वन्सं नाही. मला सांग. परीक्षेला वन्सं नसेल."

 चुलीवरचं आधण उतू जायला लागलं तरी कोणी हललं नाही. मला वाटत होतं की ती रडेल. किंवा आई मधे पडेल. आई मधे पडली नाही. मीच मनातल्या मनात तिला शिव्या देत होते आणि देवाची करुणाही भाकत होते.

"चूक आहे," वहिनी म्हणाली. आवाज इतका बारीक की बाबांनी मान पुढे केली.

"कुणाचं चुकलं?"

तिनं चुलीकडेच बघत सांगितलं, "तुमचं, मामंजी."

बाबा दारातच खाली बसले, उंबऱ्यावर, माझ्या जागेवर. म्हणाले, "बरं झालं. आता ऐक. तुझी चूक मला दिसली नाही तर पुढची पायरी मी कुठे ठेवू? बरोबर उत्तर घेऊन मी काय करू, ते मला येतंच. मला तुझी चूक हवी."

तिला हे पटायला एक दिवस पुरला असं नाही. चार वर्षांची सवय, आणि त्याच्यामागे तिच्या आईची, आजीची. पण टोपलीत पहिली पत्रिका पडली, मग दुसरी. बाबा कामावरून आले की चहाच्या आधी टोपली बघत. भरलेली असली की त्यांना आनंद होई, हे आईला शेवटपर्यंत विचित्र वाटत राहिलं. चुकलेल्या उत्तरावरून ते शोधून काढत की पाय नेमका कुठे घसरला, आणि तिथे दोन-तीन नव्या पत्रिका घालत. कधी तीच पत्रिकेच्या कोपऱ्यात लिहायची, 'इथे मधे एक हवी'. एकदा तर तिनं स्वतःच मधली पत्रिका करून ठेवली. बाबांनी ती वाचली आणि माझ्याकडे न बघता, आत तोंड करून म्हणाले, ही माझ्यापेक्षा चांगली झालीय. आतून 'हं' असं आलं. थेट. मी मधे नव्हते. सांगते, मला त्या दिवशी नोकरी गेल्यासारखं वाटलं.

परीक्षेचं केंद्र ठाण्याला नौपाड्यातल्या एका शाळेत होतं. बाबांनी रजा काढली, मलाही बरोबर नेलं, कारण सासऱ्याबरोबर सून एकटी नको. वहिनी आत गेली आणि आम्ही समोरच्या एका घराच्या ओट्यावर बसलो. त्या घरच्या बाईंनी ओळख ना पाळख, आम्हाला ताक आणून दिलं आणि विचारलं, मुलगी परीक्षेला बसलीय का? बाबा म्हणाले, हो, मुलगी. गणिताचा पेपर सुटल्यावर वहिनी बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पाटीसारखा कोरा होता. वाटेत ती काही बोलली नाही. घरी आल्यावर दारात उभी राहून तिनं बाबांना सांगितलं की दोन गणितं तिची चुकली आहेत, आणि ती कुठे चुकली तेही तिला माहीत आहे. बाबा म्हणाले, कुठे चुकली ते माहीत असेल तर काळजी नाही. पण त्यांना काळजी होती. ते त्या रात्री जेवले नाहीत.

ती पास झाली. मराठीत उत्तम, गणितात जेमतेम. जेमतेम का होईना, पास ते पास. आईनं देवापुढे साखर ठेवली आणि मी सगळ्या क्वार्टरमध्ये ओरडत फिरले. त्याच सुमाराला जवळच्या मोहने गावाकडे कारखाना उभा राहत होता, कामगारांची बिऱ्हाडं वाढत होती आणि तिथल्या शाळेला मास्तरीण हवी होती. बाबांच्या ओळखीच्या एका मास्तरांनी शब्द टाकला. पावसाळ्याच्या आधी रुजू व्हायचं ठरलं.

आणि थोरले काका आले. येताना आंबे घेऊन आले, निकाल ऐकून त्यांनी वहिनीला बाहेर बोलावून तिच्या हातात आंबा दिला, डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं, सुटलो. जेवणं झाली. सुपारी कातरता कातरता काकांनी सांगितलं की पास झाली ही आनंदाचीच गोष्ट. पण त्यांनी विचार केला आहे. तरुण विधवा रोज टांग्यानं मोहन्याच्या रस्त्याला जाणार, कारखान्याची वस्ती, परके लोक. उद्या काही कमीजास्त झालं तर घराण्याचं नाव जाईल. तिकडे काकूची अवस्था फार वाईट आहे, कुशीवर वळवायलाही माणूस लागतं. हे सांगताना त्यांचा आवाज हलला, आणि तो खोटा नव्हता. तेव्हा सकाळच्या गाडीनं ते तिला घेऊन जातात.

"काय?" काका म्हणाले.

मी दाराशी होते. आत वहिनी भिंतीला टेकून उभी होती. तिनं डोळे मिटले होते.

बाबांनी जमिनीवरून नजर उचलली. मग म्हणाले, "नाही, दादा. तुमचं चुकतंय."

काकांचा अडकित्ता थांबला. त्यांना राग यायच्या आधी आश्चर्य वाटलं असावं. म्हणाले, "मी तुला वाढवला रे."

"हो. ते विसरलो नाही. तिकडे आजारी वहिनींसाठी इथून बाई पाठवतो, तिचा खर्च मी देतो. पण सूनबाई कुठे जाणार नाही. हे चूकच आहे, दादा, आणि तुम्हाला ते सांगायला दुसरं कोणी नाही."

काका उठले. पान न खाता, संध्याकाळच्या गाडीनं गेले. बाबा त्यांच्या मागे स्टेशनपर्यंत गेले, पिशवी धरायला हात पुढे केला, काकांनी दिली नाही. बाबांनी बाई पाठवली ती काकांनी ठेवून घेतली. पण त्यानंतर ते कल्याणला कधी आले नाहीत आणि बाबांनाही त्यांनी बोलावलं नाही.

स्टेशनवरून परत आल्यावर बाबा पानावर बसले. घास घेतला आणि तो हातातच राहिला. मी आणि आई एकमेकींकडे बघत होतो.  वहिनी आमटी वाढायला आली. वाढून झाल्यावर ती आत गेली नाही.

"मामंजी," ती म्हणाली, "तुम्हाला फार वाईट वाटतंय."

कोणी असं बोललं की बाबा नेहमी 'छे' म्हणत. त्या दिवशी म्हणाले नाहीत.

"वाटतंय," ते म्हणाले. "पण तू जाऊ नकोस."

"नाही जाणार," वहिनी म्हणाली, आणि त्यांच्या पानात आणखी थोडा भात वाढला.